तसबिरीमागचे नाव

जुन्या छायाचित्राविषयी लिहिताना ‘हे चित्रच बोलके आहे’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एकोणिसाव्या शतकातील घरगुती छायाचित्रांचा एखादा मोठा संग्रह लक्षपूर्वक पाहिला, की या म्हणण्यातला फोलपणा ध्यानात येतो. खुर्चीवर बसलेली एक बाई, तिच्या मांडीवर मूल, मागे उभी असलेली दुसरी बाई, पायाखाली गालिचा. यातली आई कोण, दाई कोण, मावशी कोण, हे चित्र सांगत नाही. त्या बाईला लिहिता-वाचता येत होते का, तिच्या नावावर जमीन होती का, तिचा मेहर तिला मिळाला का, हेही सांगत नाही. हे सांगणारे शब्द चित्राच्या पाठीवर, चित्राशेजारच्या कागदात किंवा घरातल्या कुणाच्या तरी आठवणीत असतात. ते शब्द हरवले की चित्र अनाथ होते. आणि अनाथ चित्राच्या तोंडी कोणीही काहीही घालू शकतो.

या दृष्टीने इराणच्या काजार काळातील दोन संग्रहांचा विचार येथे करायचा आहे. पहिला, तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यातला शाही आल्बमांचा संग्रह. दुसरा, ‘दुनिया-ए-जनान दर अस्र-ए-काजार’, म्हणजे ‘काजार काळातील स्त्रियांचे जग’ या नावाचा संग्रह. इतिहासकार अफसाने नजमाबादी यांच्या पुढाकाराने हार्वर्ड विद्यापीठात २००९ साली त्याचे काम सुरू झाले. काळ एकच, शहर बहुतेक वेळा एकच, काही माणसेसुद्धा तीच. तरीही दोन्ही संग्रह पाहून उठणारा वाचक दोन वेगळ्या गोष्टी घेऊन उठतो. असे का होते, हा या लेखाचा विषय आहे. इराण आपल्यापासून दूर आहे. पण निकाह, मेहर, वक्फ, खानम, दाई, पडदा हे शब्द दूरचे नाहीत. म्हणूनच या संग्रहांची चिकित्सा आपल्याही कामाची आहे.

आधी थोडा इतिहास. युरोपात १८३९ साली दागेरच्या शोधाची घोषणा झाली आणि पुढच्या चार-पाच वर्षांतच हे तंत्र इराणच्या दरबारात पोचले. १८४४ मध्ये इराणात आलेल्या ज्यूल रिशार या फ्रेंच माणसाने मोहम्मद शाहच्या आणि युवराजाच्या प्रतिमा घेतल्या. हाच युवराज पुढे नासिरुद्दीन शाह म्हणून १८४८ ते १८९६ अशी जवळजवळ अर्धे शतक गादीवर राहिला. १८५८ च्या सुमारास आलेल्या फ्रान्सिस कार्लियाँने काचेवर ओले कोलोडियन चढवून चित्र घेण्याची नवी पद्धत आणली. शाहला या कलेचे वेड लागले. राजवाड्यात ‘अक्कासखाना’ उभा राहिला, आका रझा नावाच्या सेवकाला ‘अक्कासबाशी’ हा किताब मिळाला, आणि अमीर कबीरने १८५१ साली स्थापन केलेल्या दारुल-फुनून या विद्यालयात छायाचित्रणाचे शिक्षण मिळू लागले.

फारसीत छायाचित्राला ‘अक्स’ म्हणतात. आपल्या उर्दूत आणि दखनीत अक्स म्हणजे प्रतिबिंब. एखाद्या कादंबरीने समाजाची उत्तम ‘अक्कासी’ केली, असे आपण म्हणतो तेव्हा तोच शब्द असतो. चित्र काढणे जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे आजही मधूनमधून निघतो. इराणी भाषेने मात्र या नव्या वस्तूला नाव देतानाच तिला आरशाच्या घरात बसवून टाकले. माणसाने घडवलेली मूर्ती ती नव्हे, पडलेले प्रतिबिंब, असा तो शब्द सुचवतो. पण या शब्दात एक चकवाही आहे. आरशात पाहणारा आणि दिसणारा एकच असतो. छायाचित्रात दिसणारी एक असते, पाहणारा दुसरा असतो, आणि कधी टिपायचे हे तो दुसराच ठरवतो.

गुलिस्तानचा संग्रह हा अशा एका ‘दुसऱ्या’चा संग्रह आहे. तिथे चाळीस हजारांवर छायाचित्रे आहेत आणि त्यांतली कित्येक खुद्द शाहने काढलेली आहेत. २०१३ साली हा राजवाडा जागतिक वारसा यादीत गेला; पण आल्बमांकडे अभ्यासकांचे लक्ष त्याआधीच वेधले गेले होते. शाही ग्रंथालयातील आल्बमांची सूची बद्री आताबाय या ग्रंथपाल बाईंनी तयार केली आणि ती १९७८ साली, म्हणजे क्रांतीच्या उंबरठ्यावर, छापली गेली. नंतरच्या प्रत्येक अभ्यासकाला या सूचीचा आधार घ्यावा लागला आहे.

राजवाड्याच्या ‘अंदरून’मध्ये, म्हणजे जनानखान्यात, परक्या पुरुषाला मज्जाव होता. त्यामुळे तिथला मुख्य छायाचित्रकार घरधनीच होता. त्याने आईची चित्रे काढली, बेगमांची काढली, मुलींची, दासींची, खोजांची, मांजरांची काढली. अनेक चित्रांखाली त्याने स्वतःच्या हाताने नोंदी केल्या. आल्बम चाळताना सगळ्यात आधी लक्षात येतो तो पोशाख : हनुवटीखाली टाचलेली पांढरी ओढणी, जिला ‘चारगद’ म्हणतात, आणि खाली आखूड, घेरदार झगा. दुसरी गोष्ट म्हणजे चेहऱ्यांवरचा ताठपणा. त्या काळी काचेवर प्रकाश पडायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ हलायची सोय नसे. म्हणून जुन्या चित्रांत सगळेच गंभीर दिसतात. या गांभीर्यावरून त्या बायका दुःखी होत्या असा निष्कर्ष काढणे जितके चुकीचे, तितकेच राजाच्या घरात होत्या म्हणून सुखी होत्या असे मानणेही चुकीचे.

इथे नोंदींकडे पाहावे लागते. शाहच्या नोंदीत बायका बहुधा किताबाने येतात. त्याच्या आईचे नाव मलिक जहाँ खानम. पण दरबारात तिला ‘मह्द-ए-उलिया’ म्हणत, म्हणजे ‘थोर पाळणा’. राजाला जन्म दिला, एवढीच तिची ओळख त्या किताबात उरते. वास्तविक, नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलगा तब्रीझहून राजधानीत पोचेपर्यंत राज्याची सूत्रे सांभाळणारी ती कर्तबगार आणि तितकीच कारस्थानी बाई होती. तिची सून ‘अनीसुद्दौला’, म्हणजे ‘राज्याची सोबतीण’. तिचे घरचे नाव फातिमा. खेड्यातल्या गरीब घरातून ती दुसऱ्या एका बेगमेच्या सेवेसाठी राजवाड्यात आली आणि पुढे शाहची सर्वांत प्रभावी पत्नी झाली. १८७३ च्या युरोप दौऱ्यावर शाहने तिला बरोबर घेतले. पण पडद्याचा प्रश्न उपस्थित झाला आणि मॉस्कोहून तिला परत पाठवण्यात आले. १८९१-९२ मध्ये तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला दिल्यावर मिर्झा शिराझींच्या नावे फतवा निघाला आणि देशभर हुक्के बंद झाले. तेव्हा खुद्द शाहच्या जनानखान्यातही बायकांनी हुक्के दूर केले. अनीसुद्दौलाने नवऱ्याच्या तोंडावर त्याला नकार दिला, असे सांगितले जाते. शाहच्या आल्बममध्ये ती अनेकदा दिसते. परंतु ही बाई त्या चित्रांत सापडत नाही. तिथे भारी वस्त्रे नेसलेली, गादीवर टेकलेली एक बेगम आहे. मॉस्कोहून परतताना तिला काय वाटले असेल, किंवा हुक्का दूर करताना तिचा हात किती ठाम होता, हे त्या आल्बमबाहेरच्या कागदांतून कळते.

म्हणून गुलिस्तानच्या संग्रहाविषयी माझे मत असे की, तो अमूल्य आहे, पण तो स्त्रियांचा संग्रह नाही. स्त्रिया पाहणाऱ्या एका माणसाचा तो संग्रह आहे. त्या माणसाचे कुतूहल, त्याची हौस, त्याची मालकी, आणि कधीकधी त्याची खरी मायासुद्धा त्यात आहे. या चारही गोष्टी एकाच आल्बममध्ये नांदतात. त्यांतली एकच उचलून ‘विलासी सुलतान’ असे पाश्चात्त्य छापाचे चित्र रंगवणे सोपे आहे. आपण तरी त्या मोहात पडू नये.

आता अनाथ चित्राचे काय होते, याचे एक उदाहरण पाहू. गेल्या काही वर्षांत शाहची मुलगी इस्मतुद्दौला हिचे एक छायाचित्र जगभर फिरते आहे. आपल्यापैकीही अनेकांच्या भ्रमणध्वनीवर ते येऊन गेले असेल. जाडजूड बांधा, जुळलेल्या भुवया, ओठांवर हलकी मिशी. खाली मजकूर असतो, की ही ‘राजकन्या काजार’ त्या काळी सौंदर्याचे प्रतीक मानली जाई आणि तिने नकार दिला म्हणून तेरा तरुणांनी जीव दिला. लोक हसतात आणि पुढे पाठवतात.

या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान खोटे आहे. काजार हे कुणा बाईचे नाव नाही, घराण्याचे आहे. तेरा तरुणांच्या कहाणीला कसलाही आधार नाही. इस्मतुद्दौलाचे लग्न लहान वयातच मुअय्यिरुल-ममालिक घराण्यातील दोस्त मोहम्मद खानाशी झाले होते. परक्या तरुणांनी तिला मागणी घालण्याचा आणि तिने ती धुडकावण्याचा प्रसंगच उद्भवत नव्हता. १८५५ साली जन्मलेली ही मुलगी दरबारात पियानो शिकणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. शाहच्या घरी येणाऱ्या परदेशी बायकांचे आदरातिथ्य करण्याचे काम तिच्याकडे असे. १९०५ मध्ये ती वारली. तिचा मुलगा दोस्त अली खान याच्या आठवणी त्या काळाच्या अभ्यासात वारंवार उपयोगी पडतात. यातले काहीही त्या विनोदात नाही.

पुष्कळदा तर त्या मजकुरात दोन बहिणींची सरमिसळ झालेली असते. ताजुस्सल्तना ही तिची सावत्र बहीण, वयाने जवळजवळ तीस वर्षांनी लहान. तिने नवऱ्यापासून फारकत घेतली, संविधानाच्या चळवळीच्या काळात स्त्रियांच्या स्वातंत्र्यासाठी निघालेल्या अंजुमनमध्ये भाग घेतला, आणि १९१४ च्या सुमारास आपले आत्मवृत्त लिहिले. पडद्यावर, बायकांच्या शिक्षणाच्या अभावावर आणि स्वतःच्या घराण्याच्या नादानपणावर तिने त्यात सडकून टीका केली आहे. मुसलमान घरातल्या एका बाईने शंभर वर्षांपूर्वी स्वतःविषयी इतके निर्भयपणे लिहिले, ही बातमी कुणी पुढे पाठवत नाही. तिच्या बहिणीची मिशी मात्र खंडोखंडी पोचली.

मिशीचेही ऐकून घ्यावे. नजमाबादी यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ नेमक्या याच विषयापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातील इराणात बाईच्या ओठावरची लव हे सौंदर्याचे लक्षण मानले जाई. काही बायका ती काजळाने गडदही करत. देखण्या तरुणाचे आणि देखण्या तरुणीचे वर्णन करणारे शब्दही पुष्कळसे सारखेच होते. पुढे युरोपीय नजरेने जेव्हा या सौंदर्याला हिणवायला सुरुवात केली, तेव्हा इराणी लोक स्वतःच त्या गोष्टीला लाजू लागले, असा त्यांचा मुद्दा आहे. म्हणजे इस्मतुद्दौलाच्या चित्राला हसताना आपण त्या बाईला हसत नसतो. आपल्या डोळ्यांत कुणाची तरी नजर उतरली आहे, याची कबुली देत असतो. पण हे समजायला चित्राशेजारी शब्द हवेत. एकट्या चित्राने ते कधीच समजले नसते.

‘स्त्रियांचे जग’ या संग्रहाचे मोल इथेच आहे. या संग्रहाने मूळ वस्तू आपल्याकडे जमा केल्या नाहीत. काजार काळातले जे कागद, तसबिरी, वस्तू घराघरांत पडून होत्या, त्यांची संगणकीय प्रत घेतली आणि मूळ वस्तू त्या त्या घरीच राहू दिल्या. त्यामुळे तसबीर आपल्या घरापासून, आपल्या गोतापासून तुटत नाही. विकत घेतलेल्या संग्रहात नेमके उलटे घडते. जुन्या बाजारात आल्बम फोडून पानपान विकले जाते. छायाचित्रकाराच्या नावाला भाव येतो आणि चित्रातल्या बाईचे नाव कुठेतरी गळून पडते. तेहरानचा नामांकित छायाचित्रकार आंतोआन सेव्रुगिन याच्या काचांचे असेच झाले. सुमारे सात हजार काचांपैकी बहुतेक १९०८ च्या धामधुमीत नष्ट झाल्या. वाचलेल्यांपैकी काहीशे काचा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत. छायाचित्रकाराचे नाव आज जगाला ठाऊक आहे. त्याच्यासमोर बसलेल्या पुष्कळ माणसांची मात्र आज ‘इराणी स्त्री’, ‘दरवेश’, ‘भिश्ती’ एवढीच ओळख उरली आहे.

नजमाबादींच्या संग्रहात तसबिरीच्या बरोबरीने पत्रे आहेत, मृत्युपत्रे आहेत, वक्फनामे आहेत, शिवणकामाचे नमुने आहेत, वृद्धांच्या तोंडी आठवणी आहेत. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे निकाहाचे करारनामे आहेत. हे करारनामे वाचण्यासारखे आहेत. वेलबुट्टीने आणि सोन्याच्या रेघांनी सजवलेल्या त्या कागदांवर खुतबा झाल्यावर मेहरची यादी येते. पहिल्या ओळीत कुरआन शरीफची एक प्रत. मग आरसा आणि शमादानांची जोडी. मग रोकड, कापड, दागिने. आणि संपन्न घरांत शेताचा, बागेचा किंवा घराचा काही ‘दांग’. इराणात मालमत्ता सहा दांगांची धरतात. त्यातला एखाददुसरा दांग बाईच्या नावे लिहिला जाई. आपल्याकडच्या जलव्यातला आरसा आणि कुरआन ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही यादी वाचताना घरचीच वाटेल.

आता समजा, एकाच घरातून एक तसबीर आली आणि एक निकाहनामा आला. तसबिरीत बाई ओढणी घट्ट धरून बसली आहे, नजर खाली. पाहणारा म्हणेल, बिचारी, पडद्यात घुसमटलेली. शेजारच्या कागदावर मात्र तिच्या नावे दोन दांग बाग आहे. तिसऱ्या कागदावर त्या बागेच्या उत्पन्नाचा तिने केलेला वक्फ आहे, आणि खाली तिचा स्वतःचा शिक्का आहे. शिक्क्यावर तिचे नाव कोरलेले आहे. म्हणजे तसबिरीत जिचे नाव नाही, तिचे नाव व्यवहारात आहे. दुसऱ्या एखाद्या घरात याच्या उलटही दिसेल : तसबिरीत दागिन्यांनी मढलेली खानम, आणि शेजारच्या पत्रात मेहर माफ करण्यासाठी तिच्यावर आलेले दडपण. निष्कर्ष दर वेळी वेगळा निघेल. महत्त्वाचे एवढेच की तो कागद वाचून निघेल, पाहणाऱ्याच्या पूर्वग्रहातून निघणार नाही. ‘मुसलमान बाई’ नावाची एकच बाई जगात आहे, असे समजणाऱ्यांना, आणि असे समजणारे आपल्या समाजाच्या बाहेरही आहेत आणि आतही आहेत, हा संग्रह फार चांगले उत्तर आहे.

तथापि या संग्रहाची केवळ स्तुती करून थांबणे योग्य होणार नाही. त्याला तीन मर्यादा आहेत आणि त्या गंभीर आहेत.

पहिली मर्यादा वर्गाची. एकोणिसाव्या शतकात ज्यांच्याकडे तसबिरी काढायला पैसे होते, कागद जपायला पेट्या होत्या आणि पेट्या ठेवायला पिढ्यान्‌पिढ्या एकच घर होते, त्यांचेच जग येथे प्रामुख्याने दिसते. राजघराणे, वजीर, मोठे व्यापारी, प्रतिष्ठित उलेमा यांची घरे. गालिचा विणणारी बाई, शेतावर राबणारी बाई, हमामात पाणी शेकणारी बाई आपली तसबीर मागे ठेवून गेली नाही. ‘स्त्रियांचे जग’ हे नाव म्हणूनच थोडे मोठे झाले आहे. ते मुख्यतः खानम वर्गाच्या स्त्रियांचे जग आहे.

दुसरी मर्यादा त्याहून बोचरी. काजार काळातल्या अनेक कौटुंबिक तसबिरींत एक काळी बाई किंवा काळा पुरुष दिसतो. कडेवर मूल घेतलेली दाई, दाराशी उभा खोजा. ही माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली गुलाम किंवा त्यांची मुले होती. समुद्रमार्गे गुलाम आणण्यावर इराणने १८४८ साली बंदी घातली. गुलामगिरीच कायद्याने संपायला १९२९ उजाडले. मधली ऐंशी वर्षे या तसबिरींत उभी आहेत. ताजुस्सल्तनाने आपल्या आत्मवृत्तात अशाच काळ्या दाईच्या मायेविषयी लिहिले आहे. सख्ख्या आईपेक्षा तिचाच लळा जास्त होता असे ती सांगते. पण बहुतेक तसबिरींच्या पाठीवर तान्ह्या मुलाचे नाव असते, त्याच्या वडिलांचे असते, आणि ज्या हातांनी त्या मुलाला कॅमेऱ्यासमोर स्थिर धरले आहे, त्या हातांचे नाव नसते. हजरत बिलालांची अजान आपण अभिमानाने सांगतो. त्याच परंपरेच्या घरांत हे घडले, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. संग्राहकांचा दोष इथे मर्यादित आहे. घराण्यांनीच जे नाव लिहिले नाही ते त्यांनी कुठून आणायचे? पण म्हणूनच वर्णन लिहिणाऱ्याने केवळ ‘बालक आणि दाई’ अशी नोंद करून पुढे सरकू नये. नाव लिहिलेले नाही, हीच एक नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

तिसरी मर्यादा नैतिक आहे आणि ती आपल्या वाचकांना सर्वांत जवळची वाटेल. अंदरूनात काढलेली तसबीर घरच्या डोळ्यांसाठी होती. ती आज कोणत्याही देशातला कोणताही माणूस पाहू शकतो. घराण्याने परवानगी दिली, हे खरे. पण चित्रातल्या बाईने दिली का? तिला विचारायला आता कोणी उरलेले नाही. काहींना वाटेल की मग हे सारे झाकूनच ठेवावे. मला तसे वाटत नाही. झाकून ठेवलेल्या तसबिरी वाळवी खाते, किंवा त्या बाजारात जातात, आणि बाजारातून त्या कुठे जातात हे इस्मतुद्दौलाच्या उदाहरणावरून दिसले आहे. तसबीर उघडी झाली म्हणून त्या बाईची विटंबना झाली नाही. तिचे नाव, तिचे घर, तिचा काळ तिच्यापासून तोडला गेला, तेव्हा ती झाली. उघड्या चित्राला शब्दांचा पदर असला की त्याची अदब राहते. ‘स्त्रियांचे जग’ हा संग्रह ती राखण्याचा प्रयत्न करतो, आणि म्हणून मर्यादा असूनही तो मला गुलिस्तानच्या संग्रहापेक्षा माणूस म्हणून मोठा वाटतो.

हे सारे वाचून मराठी मुसलमान वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येईल : आपल्याकडे काय आहे? अगदीच काही नाही असे नाही. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे सहाव्या निजामाचा छायाचित्रकार राजा दीनदयाळ याने १८९२ साली खास जनाना स्टुडिओ काढला होता. तिथे कारभार एका इंग्रज बाईच्या हाती होता आणि पडदानशीन बायकांना तिथे निर्धास्तपणे जाता येई. म्हणजे शाहला आपल्या घरापुरता जो प्रश्न सुटला होता, तो इथे बाईनेच बाईचे चित्र घेऊन सोडवला गेला. आणि एकोणिसाव्या शतकातील भारतीय छायाचित्रांचा आपल्या देशातला सर्वांत महत्त्वाचा खाजगी संग्रह ज्याने उभा केला, तो नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी पुण्यात १९२५ साली एका अरब व्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता. २०२० मध्ये तो गेला. त्याने जमवलेली हजारो छायाचित्रे आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. त्याने आल्बम आल्बम म्हणून जपले, हे त्याचे मोठेपण.

पण नवाब, सरदार, राजे यांच्या संग्रहांत आपली नानी सापडणार नाही. कोकणातल्या खलाशाची बायको, सोलापूरच्या मोमीन विणकराची आई, मिरजेच्या तंतुवाद्य घडवणाऱ्यांच्या घरातली सून यांच्या तसबिरी एकोणिसाव्या शतकात फारशा निघाल्या नसतील. ज्या निघाल्या त्या पुढच्या शतकातल्या. लग्नाच्या, हजच्या अर्जासाठी काढलेल्या, परदेशी असलेल्या नवऱ्याला पाठवण्यासाठी काढलेल्या. त्या पत्र्याच्या पेटीत, कुरआनच्या जुजदानाशेजारी, रेशनकार्डाच्या घडीत पडून आहेत. त्यांच्यावर नाव नाही, कारण ज्यांनी त्या ठेवल्या त्यांना नाव लिहिण्याची गरज वाटली नव्हती. घरात सगळ्यांना ठाऊकच होते. ठाऊक असणारी शेवटची माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हार्वर्डचा संग्रह पाहून आपण शिकायचे ते हेच, की संग्रह विद्यापीठात सुरू होत नाही. तो घरात, एका प्रश्नाने सुरू होतो : ही कोण?

त्यासाठी पैसा लागत नाही. तसबिरीच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, हात हलका ठेवून लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याचा ठसा चित्राच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने झिरपते. लिहिताना ‘अमक्याची अम्मी’ किंवा ‘तमक्याची बायको’ एवढ्यावर थांबू नये. तिचे स्वतःचे नाव लिहावे, माहेरचे गाव लिहावे, तिला काय येत होते ते लिहावे. तसबिरीत घरकाम करणारी बाई उभी असेल तर तिचेही नाव विचारून लिहावे. आणि त्याच पाकिटात तिच्या निकाहनाम्याची एक प्रत ठेवावी, म्हणजे शंभर वर्षांनी तिचे चित्र पाहणाऱ्याला तिचा मेहर किती होता, तिचा वकील कोण होता, तिने सही केली की अंगठा उठवला, हेही कळेल.